एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी शेजार-व्यवस्था : प्रकल्प नोंदी, २०२५

५ जानेवारी, रविवार : यादी आणि संमती

जागा कोथरूड, पुणे. जुनी सोसायटी, तीन विंग, चार मजले, लिफ्ट नाही. मुलं बंगळूर, सिंगापूर, न्यू जर्सीत. आई-वडील इथेच, कोणी जोडीने, कोणी एकटे.

लक्ष तसं सगळ्यांचंच असतं. ‘काकू कालपासून दिसल्या नाहीत’ हे संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या चार घरांच्या लक्षात आलेलं असतं, आणि प्रत्येक घराला वाटतं की दुसऱ्याने चौकशी केली असेल. त्यामुळे रोज कोण बघणार, किती वाजता बघणार आणि उत्तर आलं नाही तर पुढे काय करणार, या तीन गोष्टी नावानिशी ठरवणं हेच या प्रकल्पाचं काम.

यादीत तीन प्रकारची घरं घेतली. पहिला प्रकार एकटे राहणाऱ्यांचा. ती घरं सगळ्यांना माहीत असतात. दुसरा, दोघंच राहतात पण एक जण अंथरुणाला खिळलेला. अशा घरात सांभाळणारा माणूस पडला तर दुसऱ्याला फोनपर्यंतही पोहोचता येत नाही, म्हणून हे घर एकट्याइतकंच जोखमीचं. तिसरा, मुलगा-सून सकाळी ९ ला बाहेर पडतात आणि आजी संध्याकाळी ७ पर्यंत एकट्या. ‘घरात माणसं आहेत’ म्हणून हे घर यादीतून नेहमी सुटतं.

प्रत्येकाकडून एका पानाची लेखी संमती घेतली. त्यात रोज सकाळी ‘मी ठीक आहे’ अशी खूण हवी की नको, किल्ली ठेवायची का आणि कोणाकडे, प्रसंग आला तर दार उघडायला परवानगी आहे का, कोणत्या दवाखान्यात न्यायचं, पहिला फोन कोणाला आणि दुसरा कोणाला, एवढंच. पहिला फोन शक्यतो पुण्यातल्याच माणसाचा असावा. न्यू जर्सीतल्या मुलाला इथल्या सकाळी ९ ला फोन केला तर तिथे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात; तो उचलेलच असं नाही आणि उचलला तरी दारात येऊ शकत नाही. एका आजोबांनी ‘मला काही नको’ म्हणून स्पष्ट सांगितलं. त्यांचं नाव यादीत घातलं नाही, समोरच्या घराला फक्त कल्पना दिली. नको म्हणणाऱ्यावर पाळत ठेवायची नाही.

संमतीचे कागद एका फाईलमध्ये, फाईल सचिवांच्या घरी. सोसायटीच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीही टाकायचं नाही. ‘मंदाकाकू आठवडाभर एकट्या आहेत, लक्ष ठेवा’ असा निरोप तिथे भाडेकरू, त्यांचे पाहुणे, जुने सभासद सगळेच वाचतात.

पोलीस ठाण्यातही नावं नोंदवायची. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा. त्याखालच्या नियमांत, ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी अद्ययावत ठेवावी अशी तरतूद आहे. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी.

१२ जानेवारी, रविवार : रोजची खूण

तीन पद्धती विचारात घेतल्या.

दारावर पाटी, सकाळी हिरवी बाजू फिरवायची. दिसायला सोपी, पण जिन्यातून जाणाऱ्या कुणालाही कळतं की या घरात म्हातारं माणूस एकटं आहे आणि अजून उठलेलं नाही. रद्द.

सकाळचा व्हॉट्सॲप निरोप. नेट बंद असतं, फोन सायलेंटवर राहतो, आणि शुभ सकाळच्या फुलांच्या चित्रांच्या ढिगात आजचा निरोप आला की नाही हे बघायचं राहून जातं. रद्द.

मिस्ड कॉल. सकाळी ८ ते ९ मध्ये ज्येष्ठांनी ठरलेल्या शेजाऱ्याला दोन रिंग द्यायच्या. साध्या बटणाच्या फोनवरूनही जमतं, लँडलाईनवरूनही. हीच पद्धत घेतली. ९ पर्यंत रिंग आली नाही तर शेजारी ९.०५ ला फोन करतो, उचलला नाही तर ९.१५ ला दारात उभा राहतो. प्रत्येक शेजाऱ्याला एक बदली माणूस, आणि तो शक्यतो दुसऱ्या मजल्यावरचा, कारण एका मजल्यावरची माणसं एकाच लग्नाला जातात.

दुसरी खूण आपसूक मिळते : दाराला अडकवलेली दुधाची पिशवी आणि पेपर. दूधवाला पहाटे येतो, पेपरवाला सात-साडेसातला. साडेआठनंतरही कापडी पिशवीत दूध तसंच असेल तर जिना झाडणाऱ्या मावशी बेल वाजवतात. त्यांना तसं सांगितलं आहे, आणि त्यांच्याइतकं नेमकं जिन्यातलं कोणाला दिसत नाही. पिशवीऐवजी सेफ्टी डोअरच्या आत दूध ठेवायची पद्धत असेल तिथे ही खूण चालत नाही.

कुठे फसतं तेही लिहून ठेवतो. रिचार्जची मुदत संपली की फोन येत राहतात पण जात नाहीत. आजींना वाटतं रिंग दिली, शेजाऱ्याकडे काहीच येत नाही. म्हणून वहीत प्रत्येक नंबरापुढे मुदत संपायची तारीख. ऐकायचं यंत्र रात्री काढून ठेवलेलं असतं आणि सकाळी अंघोळ होईपर्यंत घातलं जात नाही. त्या वेळात बेल, फोन दोन्ही ऐकू येत नाहीत. अशा घरात बेलला समांतर एक दिवा जोडून घ्यावा, बेलचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लागतो. इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम. आणि बाहेरगावी जाताना न सांगणं. त्यासाठी शेजाऱ्याकडे चिठ्ठी : कुठे, कधीपासून, परत कधी. चिठ्ठी दाराला लावायची नाही.

१९ जानेवारी, रविवार : दार उघडलं नाही तर

क्रम छापून प्रत्येक शेजाऱ्याला दिला.

१. आधी नाक. दाराच्या फटीशी गॅसचा वास येत असेल तर बेल दाबायची नाही, जिन्यातला दिवा लावायचा-बंद करायचा नाही, दारात उभं राहून मोबाईल वापरायचा नाही. हाताने दार ठोकायचं, खाली मोकळ्यावर जाऊन १९०६ ला फोन करायचा. हा एलपीजी गळतीचा तातडीचा नंबर. सोबत अग्निशमन दलाला १०१.
२. वास नसेल तर बेल, मग नावाने हाक, मग फोन. आत फोन वाजतो का ते दाराला कान लावून ऐकायचं. फोन आत वाजतो आणि उचलला जात नाही, याचा अर्थ माणूस बहुधा आतच आहे.
३. मागच्या बाजूने खिडकी, गॅलरी बघायची. दिवा, पंखा, टीव्ही चालू आहे का.
४. कामवाल्या मावशी, डबा देणाऱ्या ताई, ठरलेला नातेवाईक यांना एकेक फोन.
५. हे सगळं दहा मिनिटांत. त्यानंतर ज्याच्याकडे किल्ली ठेवली आहे त्याला बोलवायचं आणि दोघांनी मिळून दार उघडायचं. एकट्याने कधीच नाही.
६. दार आतून बंद असेल आणि आतून आवाज, कण्हणं येत असेल तर थांबायचं नाही : ११२, अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८. अग्निशमनची माणसं गॅलरीतून उतरून दार उघडतात. आपण गॅलरीतून गॅलरीत उडी मारायची नाही.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, औषध काहीही घालायचं नाही, हे सगळ्यांकडून म्हणून घेतलं. घाबरलेलं माणूस पहिल्यांदा पाण्याचा तांब्याच आणतं.

२ फेब्रुवारी, रविवार : किल्ल्या आणि कड्या

शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात रात्री दाराला आतून लॅच, वरची कडी, खालची कडी आणि साखळी एवढं लावलेलं असतं. बाहेरच्या किल्लीने फक्त लॅच फिरतं. काही लॅचना आतून खटका असतो, तो सरकवला की किल्लीही फिरत नाही. म्हणजे किल्ली असूनही दार फोडावंच लागतं, आणि सागवानी दार फोडायला वेळ लागतो.

घरोघर जाऊन ही तपासणी केली : आजींना आत नेहमीसारखं दार लावायला सांगायचं आणि बाहेरून किल्लीने उघडून बघायचं. उघडत नसेल तर काय अडवतंय ते शोधायचं.

उपाय असा ठेवला. बाहेरच्या सेफ्टी डोअरला चांगलं लॅच, आतल्या लाकडी दारालाही लॅच, दोन्ही बाहेरून किल्लीने उघडणारी. कड्या काढायच्या नाहीत. त्या काढल्या तर आजींना झोप लागत नाही, आणि त्यांच्या भीतीला कारण आहे. पण रात्री वरची कडी न लावता दोन लॅचवर भिस्त ठेवायची, असं समजावून सांगितलं. ज्यांना ते पटत नाही त्यांच्याकडे फक्त एकच कडी, आणि तीही सेफ्टी डोअरला, जिथे जाळीतून हात घालून बाहेरून पोहोचता येत नाही पण कटरने कापता येते. लाकडी दारापेक्षा हे बरंच लवकर होतं.

किल्ल्या ठेवायची पद्धत :

दोन संच, दोन वेगळ्या विंगमध्ये. किल्लीला घर क्रमांक किंवा नाव नाही, फक्त एक अक्षर. कोणतं अक्षर कुणाचं ते सचिवांकडच्या फाईलमध्ये. किल्ली जाड पाकिटात, पाकीट चिकटवून जोडावर ज्येष्ठांची सही, वरून पारदर्शक टेप. महिन्यातून एकदा ज्येष्ठांनी स्वतः येऊन पाकीट बघायचं. किल्ली वापरली की वहीत तारीख, वेळ, कारण, दोघांच्या सह्या, आणि नवीन पाकीट. वॉचमनकडे किल्ली ठेवायची नाही. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. एजन्सी माणसं बदलत राहते आणि काही गेलं तर पहिला संशय त्याच गरिबावर येतो.

नवीन किल्ली करून आणली की ती लावून बघायची. बाजारात पाच मिनिटांत घासून दिलेली किल्ली पुष्कळदा अर्धी फिरते आणि अडकते.

१६ फेब्रुवारी, रविवार : बाथरूम

सगळ्यात जास्त वेळ इथे दिला.

दाराचा प्रश्न आधी. जुन्या बांधकामात बाथरूमचं दार आत उघडतं. जागा लहान, माणूस पडला की दाराला टेकूनच पडतो आणि बाहेरून ढकलता येत नाही, ढकललं तर त्याला इजा होते. बिजागरीही आतल्या बाजूला, म्हणून खिळ काढून दार उचलता येत नाही. दार बाहेर उघडेल असं बसवून घेणं हा खरा इलाज. चौकटीची खाच आतल्या बाजूला असते, त्यामुळे नुसत्या बिजागऱ्या बदलून भागत नाही. खाचेत पट्टी भरून बाहेरच्या अंगाला नवी खाच करावी लागते. पीव्हीसीचं दार असेल तर सुताराला सोपं जातं. बाहेर उघडणारं दार पॅसेजमध्ये कपाटाला किंवा समोरच्या दाराला आपटत नाही ना, हे आधी मापून बघायचं. आतली कडी काढून टाकायची आणि नाण्याने बाहेरून फिरवता येणारा खटका बसवायचा. ज्यांनी दार बदललं नाही त्यांच्या घरीही हा खटका तरी बसवलाच, कारण माणूस दारापासून लांब पडला असेल तर तेवढ्यानेही आत जाता येतं.

मग दांड्या. टॉवेलची दांडी धरून उठायची सवय सगळ्यांना असते. तिचे स्क्रू एक-दीड इंची, खाली प्लास्टिकचा प्लग; वजन आलं की टाईलसकट बाहेर येते आणि माणूस तोल गेलेल्या अवस्थेत पडतो. रबरी चोखणीवर चिकटणाऱ्या दांड्या तर आणूच नयेत. ओल्या टाईलवर त्या कधी सुटतील याचा नेम नाही.

घेतलेलं सामान : ३०४ दर्जाच्या स्टीलच्या दांड्या, ३२ मिमी जाडीच्या, पृष्ठभाग खडबडीत, भिंतीपासून अंतर साधारण ४० मिमी. अंतर त्याहून फार जास्त असेल तर घसरलेला हात दांडी आणि भिंतीच्या मध्ये जाऊन अडकतो. कमोडशेजारी १८ इंची, अंघोळीच्या जागी २४ इंची. कमोडशेजारची दांडी तिरकी, पुढचं टोक वर, म्हणजे बसताना खालचं टोक आणि उठताना वरचं टोक हाती येतं. उंची पुस्तकातून घेतली नाही. त्या माणसाला कमोडवर बसवलं, उठताना हात जिथे आपोआप जातो तिथे पेन्सिलीने खूण केली. नवरा-बायकोच्या उंचीत फरक असेल तर ज्याचे गुडघे जास्त दुखतात त्याचं माप.

भोक पाडताना टाईलवर मास्किंग टेप लावायची, टाईलच्या बिटने, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून सावकाश. टाईल पार झाली की मग हॅमर सुरू करून विटेत जायचं. सुरुवातीपासून हॅमर लावला तर टाईल तडकते. नळाच्या आणि गीझरच्या सरळ वरच्या पट्ट्यात भोक पाडायचं नाही, पाईप आणि वायर तिथूनच गेलेले असतात. भोक विटेत यायला हवं. दोन विटांमधल्या सिमेंटच्या सांध्यात आलं तर प्लग फिरत राहतो. आपल्या इमारतीत आतल्या भिंती चार इंची विटेच्या आहेत, तिथे प्रत्येक टोकाला तीन स्क्रू, ८ मिमीचा प्लग, दोन इंची स्टीलचा स्क्रू पुरला. एका घरात नूतनीकरणात सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत घातलेली निघाली. सिपोरेक्समध्ये साधा प्लग धरत नाही. तिथे केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारं रसायन), आणि तो वाळायला डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ. भोकातली धूळ हवा मारून काढली नाही तर केमिकल भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतं.

शेवटी कसोटी : दुसऱ्या दिवशी ऐंशी किलोच्या माणसाने दांडीला पूर्ण वजन देऊन ओढून बघायचं. हलली तर काढून पुन्हा. मगच आजींना वापरायला द्यायची.

फरशीवर रबरी मॅट टाकली, खाली चोखण्या असलेली. ती रोज उभी करून वाळवली नाही तर आठवड्यात खालून शेवाळतं आणि मॅटच घसरायला लागते. प्लास्टिकचं स्टूल बाद; चार पायांना रबरी बूट असलेलं, हात असलेलं अंघोळीचं स्टूल आणलं. साबणाचा डबा, तांब्या, टॉवेल हे सगळं बसल्या जागी हाताला येईल अशा उंचीवर.

२ मार्च, रविवार : दिवे

पलंगापासून बाथरूमपर्यंत प्लगमध्ये लावायचे अर्ध्या वॅटचे दिवे, आणि पलंगाशी हाताला येणारा स्विच. जिन्यात प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. ऑइल पेंट लावला तर पायरी घसरते, म्हणून रंगात बारीक वाळू मिसळली.

९ मार्च, रविवार : वायरलेस बेल

पडल्यावर मोबाईल नेमका दुसऱ्या खोलीत असतो. म्हणून बाजारात मिळणारी साधी वायरलेस बेल उलटी वापरली : बटण ज्येष्ठांकडे, बेल शेजाऱ्याच्या घरात. एक बटण बाथरूममध्ये फरशीपासून वीतभर उंचीवर, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोहोचतो. दुसरं पलंगाशेजारी. बाथरूममधलं बटण पारदर्शक पिशवीत घालून चिकटवलं, नाही तर वाफेने गंजतं.

खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. मध्ये एक स्लॅब आणि दोन भिंती आल्या की पल्ला पार घटतो. समोरच्या दारात नीट चालते, एक मजला खाली बहुतेक ठिकाणी चालते, दोन मजल्यांवर भरवसा नाही. लावण्याआधी दारं बंद करून बघायचं. एकाच कंपनीच्या दोन जोड्या जवळजवळच्या घरांत लावल्या तर एकाचं बटण दुसऱ्याची बेल वाजवू शकतं. पुस्तिकेत कोड बदलायची पद्धत असते, ती करून घ्यायची. बटणात बहुधा १२ व्होल्टचा छोटा सेल असतो. तो संपताना सांगत नाही, म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी सगळ्यांनी बटण दाबायचं आणि शेजाऱ्याने वहीत टिक करायची. बेल प्लगवर चालणारी असेल तर लाईट गेल्यावर मुकी होते. सेलवर चालणारीच घ्यावी.

६ एप्रिल, रविवार : फ्रिजवरचा कागद आणि दवाखान्याची पिशवी

फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक पान : नाव, वय, रक्तगट, आजार, रोजची औषधं मात्रेसह, कशाची ॲलर्जी, पेसमेकर किंवा स्टेंट आहे का, डॉक्टर, दोन नातेवाईक. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ओळ लाल. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर तो हसत-बोलत असला तरी लगेच दवाखान्यात न्यायचं. आतला रक्तस्राव तासांनी कळतो. मधुमेहाच्या रुग्णाला घाम, थरथर, बडबड असेल आणि तो शुद्धीत, गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. हेही त्याच पानावर. पानावर तारीख हवी. औषध बदललं आणि पान जुनं राहिलं तर डॉक्टरची दिशाभूल होते.

तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं यातलं एक जरी दिसलं तरी १०८, आणि ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ ती वेळ लिहून घ्यायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्यासाठी साधारण साडेचार तासांचीच मुदत असते. सकाळच्या मिस्ड कॉलची वेळ इथे उपयोगी पडते : ८.२० ला रिंग आली, म्हणजे तोपर्यंत हात चालत होता.

पिशवीत : चष्मा, कवळीची डबी, ऐकायच्या यंत्राचे सेल, फोनचा चार्जर, आधारची प्रत, मेडिक्लेमचं कार्ड, शेवटचे रिपोर्ट, थोडी रोकड. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण आहे, पण त्याचं वेगळं कार्ड काढावं लागतं आणि ते योजनेतल्या रुग्णालयातच चालतं. कार्ड आजारपणात काढायला धावू नये. आधारवर मोबाईल नंबर जुना असेल तर ओटीपीपाशीच अडतं.

२० एप्रिल, रविवार : उन्हाळा

चौथ्या मजल्यावरच्या घरांना दुपारी ४ ची दुसरी रिंग, जूनपर्यंत. वय झालं की तहान कळेनाशी होते, लघवीला होईल म्हणूनही पाणी टाळलं जातं. असंबद्ध बोलणं आणि तापलेलं अंग दिसलं तर ओल्या कपड्याने पुसणं, पंखा आणि १०८. हृदयाच्या, किडनीच्या रुग्णांना किती पाणी चालेल ते डॉक्टरांकडून त्यांच्या पानावर लिहून घेतलं.

११ मे, रविवार : पडल्यावर उचलायचं कसं, जिन्यातून न्यायचं कसं

पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून खसकन उभं करायचं नाही. आधी विचारायचं. एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलेलं आहे, मांडीच्या सांध्यात कळ आहे : खुब्याचं हाड मोडल्याची लक्षणं. हलवायचं नाही, पांघरूण घालायचं, १०८. काही मोडलेलं नसेल तर कुशीवर, मग दोन्ही हात-गुडघ्यांवर, समोर भक्कम खुर्ची, एक पाऊल पुढे, आणि मागे दुसरी खुर्ची टेकायला. उठायचं त्याने, आपण फक्त खुर्च्या धरायच्या.

छातीत दुखणाऱ्याला जिना उतरवायचा नाही, बसवून न्यायचं. सराव केला तो असा : हात असलेली लाकडी खुर्ची. साच्यातली प्लास्टिकची खुर्ची नको, पाय फाकतात. छातीवरून आणि गुडघ्यांवरून चादरीने बांधायचं, हात मांडीवर. उतरताना तोंड खालच्या बाजूला. पाठीमागे सगळ्यात ताकदीचा माणूस, खुर्ची किंचित मागे झुकवून. पुढचे पाय दोघांनी धरायचे. चौथा माणूस दोन पायऱ्या खाली राहून पायरी मोजत सांगतो. प्रत्येक वळणावर टेकवायचं. ब विंगच्या दुसऱ्या वळणावर सायकली आणि चपलांचं कपाट होतं, त्यामुळे खुर्ची फिरेना. ते त्याच दिवशी हलवलं.

१५ जून, रविवार : पावसाळा

जिन्याच्या खिडक्यांना पत्र्याच्या पट्ट्या, तळमजल्यावर पायपुसणी. कुठल्याही पायपुसण्याची कड उचललेली नको, आणि सुती पायपुसणं गुळगुळीत फरशीवर नकोच.

१० ऑगस्ट, रविवार : फोनवरची फसवणूक

पडण्याइतकीच ही जोखीम आता मोठी आहे. वीज आज रात्री तोडतो, केवायसी संपलं, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात. सूत्र एकच : घाई, भीती आणि ‘कुणाला सांगू नका’. कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करत नाही.

सल्ल्यांची यादी घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. म्हणून एकच नियम ठेवला, फोनच्या मागे स्टिकर लावून : ‘पैशाचं नाव निघालं की फोन ठेवा आणि शेजारी या.’ शेजाऱ्याने त्या वेळी रागवायचं नाही, हसायचं नाही. एकदा हसलं की पुढच्या वेळी ते माणूस येत नाही.

बँकेत जाऊन रोजची यूपीआय मर्यादा कमी करून घेतली. पेन्शनचं आणि रोजच्या खर्चाचं खातं वेगळं. फोनला जोडलेलं फक्त दुसरं. व्हॉट्सॲपवर आलेली, नावाच्या शेवटी एपीके असलेली फाईल उघडायची नाही, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन. उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. इतर अडचणींसाठी, घरातल्या छळासाठीसुद्धा, ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

१२ ऑक्टोबर, रविवार : दिवाळी

दिवाळीत रिंग घेणारी घरंच गावाला जातात. कोण कधी नाही याचा तक्ता आठवडाभर आधी केला. किल्लीचं पाकीट बाहेर जाणाऱ्याच्या घरात अडकून राहत नाही ना, हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. फराळाचं ताट देताना मधुमेहींच्या घरी चकली आणि चिवडा. अनारसे मुलगा आला की.

२ नोव्हेंबर, रविवार : हयातीचा दाखला

नोव्हेंबरमध्ये बँकेतल्या रांगेत उभं राहण्याची गरज नाही. फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप घेतली, आधी चालवणाऱ्याची नोंद, मग ज्येष्ठांची. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यांचं गेल्या महिन्यात झालं. ईपीएसवाल्यांचा (पीएफ खात्याकडून पेन्शन घेणाऱ्यांचा) दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो, त्यांना नोव्हेंबरचीच सक्ती नाही.

बोटांचे ठसे झिजलेले असतात, म्हणून चेहरा. खिडकीकडे तोंड करून बसवायचं, पाठीमागे साधी भिंत, चष्मा काढून, आणि ॲप सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालं असेल त्यांना घाई करू नये. आधारवरचं नाव आणि पीपीओवरचं (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं) नाव जुळत नसेल तर दाखला निघतो पण बँकेत नाकारला जातो. म्हणून निघालेला क्रमांक वहीत लिहून, आठवड्याने बँकेत स्वीकारला का ते विचारायचं. हे करताना ओटीपी ज्येष्ठांनी स्वतः वाचून टाकायचा. आपण त्यांचा फोन हातात घेऊन टाकायचा नाही, नाही तर ऑगस्टमध्ये शिकवलेलं पुसलं जातं.

१६ नोव्हेंबर, रविवार : पुढचं काम

क विंगच्या तळमजल्यावर बाथरूमचं दार उलटं बसवायचं आहे. सुतार पुढच्या रविवारी सकाळी. वायरलेस बेलच्या सेलची नवी पेटी आणायची, १ तारखेच्या आत. जानेवारीत ‘नको’ म्हणालेल्या आजोबांनी किल्ली ठेवायला विचारलं आहे, रिंग अजूनही नको म्हणतात. त्यांच्यासाठी किल्लीपुरताच संमतीचा कागद करायचा आणि पाकिटावरची सही त्यांच्या घरी जाऊन घ्यायची.